वेटिंग रूमचा उंबरठा

आपल्या जुन्या घरांना ओटा असे, मग ओसरी, मग माजघर, आणि सर्वांत आत स्वयंपाकघर. वाटसरू ओट्यावर टेकायचा. कुळकर्णी, सावकार, मामलेदाराचा कारकून ओसरीवर बसायचे. जावई आणि व्याही माजघरापर्यंत यायचे. आणि ज्याला ओट्याचीही पायरी चढता येत नसे, तो माणूस अंगणाबाहेर उन्हात उभा असे. कोणी कुठवर यायचं याची पाटी कुठं लावलेली नव्हती. तशी गरजच नव्हती. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असे. पुढे आगगाडी आली आणि तिनं मात्र पाटी लावली. त्या पाटीची हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे.

निमित्त घडलं ते आमच्या गुरुजींमुळं. प्राथमिक शाळेत ज्यांनी मला बाराखडी शिकवली, ते गुरुजी गेल्या वर्षी लेकीकडे जायला पहिल्यांदा विमानात बसले. बरोबर सात वर्षांचा नातू. लेकीनं सांगून ठेवलं होतं की, बाबा, तुमच्या बँकेच्या कार्डावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसायला आणि खायला मिळतं. गुरुजी दाराशी गेले, कार्ड पुढे केलं. तिथल्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, "आजोबा, कार्डावर एकालाच प्रवेश आहे. मुलाचे पैसे पडतील." गुरुजी मागे फिरले, बाहेरच्या खुर्चीवर नातवाला शेजारी घेऊन बसले आणि दोघांनी डबा उघडला. परत आल्यावर मला म्हणाले, "अरे, तू इतिहास शिकवतोस ना? मग सांग बघू, ही पंगत आहे की खानावळ? पंगत असेल तर पोराचा हिशेब कोणी करत नाही. आणि खानावळ असेल तर मला पाहुणा कशाला म्हणतात?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तरासाठी मला दीडशेहून अधिक वर्षं मागं जावं लागलं.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली उतारूंची गाडी निघाली. अंतर अवघं ३४ किलोमीटर, डबे चौदा, माणसं सुमारे चारशे. पण ही चारशे माणसं कोण होती? ती होती निमंत्रित पाहुणे मंडळी! म्हणजे आपल्या रेल्वेचा आरंभ पंगतीनं झाला. खानावळ त्यानंतर उघडली. तिकीटविक्री सुरू झाली आणि उतारूंचे वर्ग पडले: पहिला, दुसरा, तिसरा. डब्याला वर्ग लागला की स्टेशनालाही लागतो. गाडी येईतो माणसं कुठंतरी थांबणारच, तेव्हा ती कुठं थांबायची याचाही वर्ग ठरला. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाला वेटिंग रूम: आरामखुर्च्या, आरसा, हात धुवायला पाणी, दारात नोकर. तिसऱ्या वर्गाला मुसाफिरखाना. मुसाफिरखाना म्हणजे बहुतेक ठिकाणी फलाटाबाहेरची एक मोकळी पडवी. तिकिटाची खिडकी गाडीच्या थोडं आधी उघडायची, तोवर माणसं, गाठोडी, पोरंबाळं सगळी त्या पडवीत. आता गंमत बघा, रेल्वेला जास्तीत जास्त पैसा मिळत होता तो याच तिसऱ्या वर्गाच्या उतारूंकडून.

बायकांची सोय निराळी असे. १८९० च्या रेल्वे कायद्यात स्त्रियांसाठी राखलेल्या डब्यात किंवा खोलीत जाणूनबुजून शिरणाऱ्या पुरुषाला शंभर रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. त्या काळचे शंभर रुपये म्हणजे सामान्य माणसाची कित्येक महिन्यांची कमाई. पण आईच्या कडेवरच्या मुलाला पुरुष म्हणायचं का? आणि आईचं बोट धरून चालणाऱ्या मुलाला? कधीतरी रेष ओढावीच लागते. रेल्वेनं ती बारा वर्षांवर ओढली. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर बायकांच्या डब्यात बसू शकतो हा नियम पुढं कायम राहिला. अर्ध्या तिकिटाची वरची मर्यादाही तीच. आपल्याकडे मुंजीचं वय, शाळेत घालायचं वय यांवर वाद होत राहिले. पण मुलगा पुरुष कधी होतो हे आगगाडीनं एका आकड्यानं सांगून टाकलं!

आता पाणी. स्टेशनांवर हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं, उपाहारगृहंही वेगळी. म्हणजे रेल्वेनं तिकिटाचा वर्ग आणला खरा, पण गावातला जुना उंबरठाही तिनं उखडला नाही, तोही फलाटावर आणून ठेवला. एकाच स्टेशनात दोन उंबरठे: एक पैशाचा, एक जन्माचा. पैशाचा उंबरठा पैसे देऊन ओलांडता येतो. दुसऱ्याचं काय?

त्याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर मिळतं. पुणे-मिरज मार्गावरचं हे लहानसं स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. साल १९०१. दुष्काळातल्या लोकांना काम मिळावं म्हणून खटाव तालुक्यात सरकारनं तलावाचं काम काढलं होतं आणि तिथं रामजी सकपाळ खजिनदार होते. त्यांनी सुटीसाठी मुलांना साताऱ्याहून बोलावून घेतलं. दहा वर्षांचा भीमराव आपल्या भावंडं-भाच्यांसह निघाला. नवे सदरे, नक्षीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे. आगगाडीत पहिल्यांदा बसायचं म्हणून कोण आनंद! संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला थांबली. बाकीचे उतारू आपापल्या वाटेनं गेले. मुलं फलाटावर थांबली. न्यायला कोणी आलं नव्हतं, कारण वडिलांना पाठवलेलं पत्र नोकराच्या हलगर्जीपणानं त्यांच्या हाती पडलंच नव्हतं.

तासभर गेल्यावर स्टेशनमास्तर आले. तिकिटं पाहिली, ती बरोबर होती. चांगल्या घरची, वाट चुकलेली मुलं पाहून त्यांना कळवळाच आला. कोण, कुठली, म्हणून त्यांनी विचारलं. मुलांनी सरळ सांगितलं की आम्ही महार आहोत. स्टेशनमास्तरांचा चेहरा उतरला. ते मागं सरले आणि आपल्या खोलीत निघून गेले. अर्ध्या तासानं परत आले, पण मघाचा कळवळा आता अडचणीत पडला होता. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी स्टेशनमास्तरांनीच तोड काढली: दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. दहा वर्षांच्या मुलानं बैल हाकायचे! वाटेत रात्र झाली. टोलनाक्यावर मुक्काम पडला. शिदोरी होती, पण पाणी मिळालं नाही, आणि पाण्याविना अन्न घशाखाली उतरेना. मुलं उपाशीच निजली.

ही हकिकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच पुढं १९३५-३६ च्या सुमारास लिहून ठेवली. ते टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिकारूपानं छापलं. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे की ते वर्गात वाचून दाखवावं. मी दरवर्षी वाचतो. त्यातली एक गोष्ट मला दरवेळी अडवते. स्टेशनमास्तर काही दुष्ट नव्हते. मुलांची दया त्यांनाच आली, तोडही त्यांनीच काढली. रेल्वेच्या नियमानं त्या मुलांना फलाटावर थांबायचा पुरेपूर हक्क होता, तिकीट खिशात होतं. नियमानं त्यांना अडवलं नाही. फलाटावरच्या माणसांनी अडवलं, आणि चांगल्या माणसाच्या हातूनही अडवणूकच झाली.

याच्या आठ वर्षं आधी दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग इथं गांधीजींना पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही डब्यातून खाली उतरवलं होतं. ती ७ जून १८९३ ची रात्र त्यांनी तिथल्या वेटिंग रूममध्ये थंडीत कुडकुडत काढली. ओव्हरकोट सामानात होता आणि पुन्हा अपमान होईल म्हणून तो मागायचं धैर्य झालं नाही. ही गोष्ट सर्वांना पाठ असते. त्यांची दुसरी एक गोष्ट मात्र मागं पडली आहे. भारतात परतल्यावर ते मुद्दाम तिसऱ्या वर्गानं हिंडले आणि १९१७ साली त्यांनी त्या प्रवासाचा जाहीर हिशेब मांडला. दौंड, आसनसोल अशा जंक्शनांवर उतरून त्यांनी मुसाफिरखाने पाहिले होते. बसायला पुरेशी बाकं नाहीत, घाणीत बसून घाणेरडं अन्न खायचं, गोंगाटाला पार नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि उतारूंनाही सोडलं नाही: कुठंही थुंकतात, कुठंही उष्टं टाकतात, हेही त्यात आहे. आपले दौंडकर बंधू हे ऐकून रागावणार नाहीत अशी आशा आहे, आज स्टेशन पुष्कळ बदललं आहे!

रेल्वेबाहेर आपल्याकडे थांबायच्या जागा होत्याच. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. पण धर्मशाळेतही जन्माचा उंबरठा होताच, म्हणून तर गाडगेबाबांना पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा वेगळी उभी करावी लागली. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं, अस्पृश्यता कायद्यानं संपली. दुकान, उपाहारगृह, विहीर, रस्ता कुणालाही बंद राहणार नाही असं त्यात लिहिलं गेलं. तिसरा वर्ग हे नाव जायला मात्र १९७४ साल उजाडलं. नाव गेलं, माणसं दुसऱ्या वर्गात बसू लागली, आणि वेटिंग रूमच्या दारावर 'उच्च श्रेणी' ही पाटी राहिली.

ती पाटी मी स्वतः पाहिली आहे. लहानपणी आमच्या जवळच्या जंक्शनवर पावसाळी रात्री गाडी चार तास उशिरा होती. आई, मी आणि तापानं फणफणलेली धाकटी बहीण. तिकिटं दुसऱ्या वर्गाची. दारात बसलेल्या बाईंनी आईकडं पाहिलं, बहिणीच्या कपाळाला हात लावला आणि वही मिटून घेतली. एवढंच. आम्ही आत जाऊन निजलो.

आता विमानाकडे वळू, म्हणजे गुरुजींचा प्रश्न सुटेल. १९३९ साली न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनं 'ॲडमिरल्स क्लब' नावाची खास बैठक उघडली. विमान कंपनीची अशी ही पहिलीच बैठक. तिथं तिकीट दाखवून जाता येत नव्हतं, पैसे भरूनही नाही. कंपनीनं बोलावलं तरच जायचं. म्हणजे पुन्हा बोरीबंदरसारखी निमंत्रितांची पंगत! पुढं वर्गणी घेऊन सभासद करायची पद्धत आली. १९९२ साली 'प्रायॉरिटी पास' निघाला. त्यानं एका सभासदत्वावर निरनिराळ्या बैठकांची दारं उघडली. मग बँका आल्या आणि कार्डाबरोबर प्रवेश वाटू लागल्या. आपल्याकडे तर एअर इंडियानं १९४६ पासून महाराजा हेच आपलं चिन्ह केलं आणि बैठकीलाही महाराजाचंच नाव दिलं. कार्ड असलेला प्रत्येक जण महाराजा म्हटल्यावर दारापाशी रांगा लागल्या, आणि रांगा लागल्यावर अटी आल्या: तीन महिन्यांत अमुक खर्च केला असेल तरच प्रवेश, वर्षातून इतक्याच वेळा, पाहुण्याचे पैसे वेगळे. कार्ड खरं आहे ना हे पाहायला पुष्कळ ठिकाणी दोन रुपये कापून घेतात. आता अशा बैठका नवी दिल्लीसारख्या रेल्वे स्टेशनांवरही आहेत.

तेव्हा गुरुजी, ही पंगत नव्हे. बोलीभाषा पंगतीची, हिशेब खानावळीचा. तुमच्या जेवणाचे पैसे बँकेनं आधीच देऊन ठेवलेले असतात, नातवाचे कोणी दिलेले नसतात. अगदी तान्ह्या मुलाला, साधारणपणे दोन वर्षांखालच्या, बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. त्यावरच्या मुलांचा नियम जागोजागी निराळा. म्हणून निघण्यापूर्वी बँकेला विचारावं आणि दारातही आत शिरण्याआधी विचारावं, त्यात कमीपणा नाही. आत मुलाला मोकळं सोडू नये, ताट भरून टाकू नये, बाहेर नेण्यासाठी काही बांधून घेऊ नये. हे काय, लग्नाच्या मांडवातही आपण मुलांना सांगतोच.

आणि हा उंबरठा पैशाचा आहे, मसूरचा नाही, हा फरक मी गुरुजींना सांगितला. गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण बाहेर बसलेल्यांना पाणी तरी फुकट हवं." विमानतळावर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, त्यांना ते दिसले नव्हते.

परतीच्या वेळी त्यांनी नातवाचे पैसे भरले. पोरानं दोनदा शिरा घेतला आणि खुर्चीत झोपून गेलं. उठवताना त्याच्या खिशात चार बिस्किटं सापडली. गुरुजींनी ती त्याला तिथंच बसून खायला लावली, मग दोघे विमानाकडे निघाले.