चांद्याच्या अरण्यांतील मेध्य वनस्पति

स्मरणशक्ति टिकावी आणि चित्त स्वस्थ राहावें ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत चार मेध्य रसायनें सांगितलीं आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. ह्यांपैकीं गुळवेल चांद्याकडे झाडाझाडावर चढलेली आढळते. ह्या चौघींत नसलेली, पण बुद्धिवर्धक म्हणून ज्योतिष्मती ह्या नांवानें वैद्यांस परिचित असलेली मालकांगोणी ही तर तेथील अरण्यांतीलच वेल होय. तिचीं पिवळीं फळें उकललीं कीं आंत तांबड्या आवरणांतल्या बिया दिसतात. त्या बियांचें तेल वैद्य मेधावृद्धीसाठीं देत आले. खेड्यांतून तेंच दुखऱ्या सांध्यांवर चोळतात.

चांदा इ. स. १७५१ पर्यंत गोंड राजांकडे होता. पुढें तो नागपूरकर भोसल्यांकडे व १८५४ सालीं इंग्रजांकडे गेला. १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. राज्यें पालटलीं, पण रानांतील रोग्याचा पहिला आधार गांवचा वैदू किंवा पुजारीच राहिला. चरकाचें ज्ञान ग्रंथानें राखलें. वैदूचें मात्र मुखपरंपरेनें चालत आलें. शिष्य न लाभतां वैदू निवर्तला, कीं स्मृतीचें औषध जाणणाऱ्याचीच स्मृति लोपते.

तथापि जुनें म्हणून सर्वच निर्धास्त घ्यावें, असें नाहीं. सर्पगंधेचें उदाहरण पाहा. उन्मादावर व रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असें १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकांत मांडले. १९५२ सालीं तिच्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य निराळें काढण्यांत आलें आणि पाश्चात्त्य मनोरुग्णालयांतून तें वापरांत आलें. पुढें असें दिसून आलें कीं, त्यानें क्षुब्ध रोगी शांत होई खरा, पण कांहींजण खिन्नतेनेंही ग्रासले गेले.

ब्राह्मीची गोष्ट निराळी. त्या एकाच नांवानें पाणथळींतील बारीक, मांसल पानांची ब्राह्मी आणि गोलसर पानांची मंडूकपर्णी ह्या दोन भिन्न वनस्पति विकल्या जातात. पैकीं पहिलीचा अर्क २००१ सालीं ऑस्ट्रेलियांत ४६ जणांच्या चाचणींत बारा आठवडे तपासला गेला; नवी गोष्ट शिकण्यांत व लक्षांत ठेवण्यांत कांहीं सुधारणा आढळली. पण तीं माणसें निरोगी होतीं. दीर्घ चिंतेनें ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनीं तेवढ्यावर विसंबून डॉक्टराकडे जाणें टाळूं नये.

रानाचें काय होणार, हा प्रश्न उरतोच. बाजारांत मागणी वाढली कीं मुळें उपटलीं जातात; मूळ गेल्यावर वेल कोठली? धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवास २००९ सालीं वनहक्क कायद्यान्वयें सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. वन कोणीं राखावें व त्यांतून किती काढावें, हें आतां तेथील ग्रामसभा ठरवूं शकते. वैदूंचें ज्ञान त्यांच्या संमतीनें लिहून ठेवणें आणि तें परीक्षेस लावणें, हेंही त्या राखणीचेंच अंग होय. शहरांतील आपण औषधाची बाटली उघडतांना एवढें तरी स्मरावें.