एक्स्ट्रा पैसे, वेगळं टेबल

गेल्या महिन्यात बाबा रिटायर झाले. पार्टी वगैरे नको म्हणाले, म्हणून मी आणि बायकोने परस्पर मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करून टाकलं. आई-बाबा आणि आम्ही दोघं, दोन रात्रींचा मामला. बाबांचं बालपण मालवणजवळच्या गावातलं, त्यामुळे समुद्र त्यांना नवा नाही. पण स्विमिंग पूल असलेली बोट नवीनच!

भांडण सुरू झालं ते बुकिंगनंतर. "तुमच्या सहलीत स्पेशालिटी डायनिंग जोडा" असा मेसेज आला. जेवण तिकिटात आहेच, पण एका खास रेस्टॉरंटमध्ये बसायचं असेल तर माणशी वेगळे पैसे. मी म्हटलं, घेऊन टाकू. बाबांनी चष्मा वर सरकवला.

"जेवणाचे पैसे तिकिटात दिलेत ना?"

"हो."

"मग त्याच जेवणाचे परत कशाला?"

"बाबा, ते जेवण वेगळं असतं..."

"म्हणजे तिकिटातलं वाईट असतं का?"

आता याला काय उत्तर देणार? बायकोने गालातल्या गालात हसून माझ्याकडे बघितलं. माझी एक खोड अशी की मला चटकन उत्तर आलं नाही की मी तो प्रश्न खोदत बसतो. कोडमधला बग असो नाहीतर बाबांचा प्रश्न. तर मंडळी, शनिवार-रविवार दोन्ही त्यात गेले, आणि जे सापडलं ते इथे मांडतो आहे. प्रश्न साधाच: बोटीवर जेवणाचे दोनदा पैसे द्यायची ही पद्धत मुळात आली कुठून?

सुरुवात अगदी मागून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिडाच्या जहाजांवरून युरोपातली गरीब माणसं अमेरिकेला निघायची, तेव्हा त्यातली बरीचशी आपापला शिधा बरोबर घेऊन चढायची आणि डेकवरच्या चुलीसाठी रांग लावायची. वरच्या वर्गाचं अर्थातच बरं होतं. क्यूनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' १८४० साली लिव्हरपूलहून निघाली तेव्हा ताज्या दुधासाठी बोटीवर चक्क एक गाय होती. पुढे वाफेच्या बोटी मोठ्या होत गेल्या आणि जेवण तिकिटातच येऊ लागलं. पहिल्या वर्गाला शाही, दुसऱ्याला बरं, तिसऱ्याला पोटभर. पण एका वर्गाच्या आत सगळ्यांना एकच जेवण, एकच हॉल, ठरलेली वेळ. घंटा झाली की जेवायला चला, अगदी आमच्या हॉस्टेलच्या मेससारखं!

या मेस-सिस्टिमला पहिला मोठा धक्का दिला तो एका जर्मन माणसाने. आल्बर्ट बालिन, हाम्बुर्ग-अमेरिका लाइनचा प्रमुख. लंडनच्या कार्लटन हॉटेलातल्या जेवणावर हा गडी खूश झाला आणि त्याच्या मनात आलं, हे असंच बोटीवर का नसावं? त्याने थेट हॉटेलवाल्या सेझार रिट्झलाच गाठलं. १९०५ साली 'अमेरिका' नावाची त्यांची नवी बोट निघाली, तिच्यावर 'रिट्झ-कार्लटन' नावाचं रेस्टॉरंट होतं. वाटेल त्या वेळी या, मेनूकार्ड बघा, हवं ते मागवा, आणि त्याचे पैसे द्या. श्रीमंत लोक अक्षरशः तुटून पडले. कारण कळायला सोपं आहे. पहिल्या वर्गाचं तिकीट काढलेल्या शेकडो लोकांत आपण वेगळे कसे दिसणार? वेगळं टेबल घेऊन!

आता व्हाइट स्टार लाइन मागे कशी राहील? १९११ साली त्यांची 'ऑलिम्पिक' निघाली, तिच्यावर आ ला कार्त रेस्टॉरंट होतं. ते इतकं चाललं की १९१२ साली आलेल्या धाकट्या बहिणीवर ते आणखी मोठं केलं गेलं आणि शेजारी एक पॅरिसच्या धर्तीचा कॅफेही जोडला. धाकट्या बहिणीचं नाव सांगायला नकोच. टायटॅनिक.

आणि इथे मला बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सापडलं. टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाच्या प्रवाशाने बुकिंग करतानाच "मी मेन हॉलमध्ये जेवणार नाही, सगळं रेस्टॉरंटमध्येच खाणार" असं कळवलं, तर त्याच्या भाड्यातून काही पौंड वजा व्हायचे! म्हणजे जे जेवण तुम्ही खाणार नाही, त्याचे पैसे कंपनी सोडून देत होती. हिशोब स्वच्छ. बाबा १९१२ साली व्हाइट स्टारच्या ऑफिसात जाऊन भांडले असते, तर जिंकले असते :-)

आजच्या क्रूझवर मात्र सहसा असं काही वजा होत नाही. तुम्ही खास रेस्टॉरंटमध्ये बसलात, तरी मेन हॉलमधली तुमची थाळी तुमच्याच पैशाने "शिजलेली" असते. ही वजाबाकी कुठे गेली?

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. १९३६ च्या 'क्वीन मेरी'वर व्हरांडा ग्रिल नावाची खास जागा होती, पहिल्या वर्गासाठी आणि वरचे पैसे देऊनच. मग १९५८ साली अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि या बोटींचा बाजारच उठला. जो प्रवास पाच दिवसांचा, तो काही तासांचा झाला. उरलेल्या आणि नव्या कंपन्यांनी धंदा बदलला. कुठे पोचायचंच नाही, फिरून परत यायचं! नॉर्वेजियन, रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल या कंपन्या १९६६ ते १९७२ या काळात उभ्या राहिल्या. इथे जुने वर्ग गेले. सगळ्यांना एकच डायनिंग हॉल, ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ, आणि "सगळं तिकिटात" हीच मुख्य जाहिरात. मध्यमवर्गाला हे फारच आवडलं, कारण खिशात हात न घालता राजासारखं जेवता येत होतं.

पण माणूस तोच आणि हौसही तीच. १९९० साली आलेल्या 'क्रिस्टल हार्मनी'वर मुख्य हॉलशिवाय एक इटालियन आणि एक जपानी अशी वेगळी रेस्टॉरंट होती. २००० साली नॉर्वेजियनने 'फ्रीस्टाइल' म्हणून ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल काढूनच टाकलं. अनेक रेस्टॉरंट, पाहिजे तिथे जा, त्यातल्या काहींना वेगळे पैसे. बाकीच्यांनी पाठोपाठ तेच केलं. बालिनसाहेबांची कल्पना जवळजवळ शंभर वर्षांनी परत आली, फक्त सोबतची वजाबाकी वाटेत कुठेतरी पडली.

ती का पडली, हे कंपन्यांच्या ताळेबंदात दिसतं. रॉयल कॅरिबियनचं २०२३ चं एकूण उत्पन्न सुमारे १३.९ अब्ज डॉलर, आणि त्यातले साधारण ४.३ अब्ज तिकिटातून आलेले नाहीत. दारू, कॅसिनो, सहली, इंटरनेट आणि हो, खास जेवण. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. तिकीट स्वस्त ठेवून माणूस बोटीवर आणायचा आणि कमाई बोटीवर करायची. आपल्या भाषेत सांगायचं तर बेस व्हर्जन स्वस्त आणि प्लगइनचे पैसे वेगळे. तिकीटच इतकं ताणून कमी केलेलं असताना त्यातून आणखी वजा करायला कोण तयार होईल?

इथवर माझा लेख मजेत चालला होता. "तर बाबा, असं आहे" म्हणून संपवणार होतो. पण टायटॅनिकच्या त्या रेस्टॉरंटबद्दल आणखी थोडं वाचलं आणि अडकलो.

ते रेस्टॉरंट व्हाइट स्टार कंपनी स्वतः चालवत नव्हती. ते लुइजी गॅत्ती नावाच्या इटालियन माणसाला चालवायला दिलं होतं. स्वयंपाकी, वेटर, भांडी घासणारी पोरं, बहुतेक सगळी इटालियन आणि फ्रेंच, गॅत्तीने निवडलेली. त्यांचा पगार गॅत्ती देणार. थोडक्यात, थर्ड पार्टी व्हेंडर. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री याच रेस्टॉरंटमध्ये वायडनर कुटुंबाने कॅप्टन स्मिथसाठी मेजवानी दिली होती. त्याच दिवशी एका बोटीने दोन मोठे हिमनग दिसल्याचा संदेश वायरलेसवर धाडला होता आणि तो टायटॅनिकनेच पुढे पाठवला. त्या बोटीचं नाव 'अमेरिका'. हो, तीच, पहिल्या रिट्झ-कार्लटनवाली.

रेस्टॉरंटचे साठाहून जास्त लोक त्या रात्री बोटीवर होते. वाचले तीन. दोन कॅशियर बायका, आणि पॉल मोजे नावाचा, मुख्य आचाऱ्याचा सेक्रेटरी. या मोजेने पुढे ब्रिटिश चौकशीत साक्ष दिली. त्याने सांगितलं की रेस्टॉरंटच्या लोकांना खालीच अडवलं गेलं, वर बोटींच्या डेकवर जाऊ दिलं नाही. तो स्वतः आणि आचारी साध्या कपड्यांत होते म्हणून त्यांना कोणी रोखलं नाही. मग मोजेने खाली सोडल्या जाणाऱ्या एका लाइफबोटीत उडी मारली. आचाऱ्याला उडी मारणं जमलं नाही. गॅत्तीही वाचला नाही.

वादकांचंही तसंच. एक त्रिकूट याच रेस्टॉरंटपाशी वाजवायचं. तेही कंपनीचे नोकर नव्हते, एका एजन्सीमार्फत आलेले होते. सगळे आठ वादक बुडाले आणि पंधरा-वीस दिवसांत एका व्हायोलिनवादकाच्या वडिलांना त्या एजन्सीचं पत्र आलं, मुलाच्या गणवेशाचे १४ शिलिंग ७ पेन्स बाकी आहेत, भरावेत.

हे वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला. मला आठवली माझी पहिली नोकरी. पगार एका छोट्या कंपनीचा आणि बसायचो दुसऱ्याच मोठ्या कंपनीत (नावं जाऊ द्या). तिथल्या लोकांच्या गळ्यात निळी पट्टी, आमच्या गळ्यात पिवळी. एकदा फायर ड्रिल झालं. मैदानात उभं करून सगळ्यांची हजेरी घेतली, यादी वाचून झाली, सगळे आत गेले. आम्ही सहा पिवळे तिथेच उभे होतो, कारण आमची नावं यादीतच नव्हती. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. त्यावर आठवडाभर जोक चालले होते. परवा रात्री ते आठवून हसू आलं नाही, एवढंच.

असो. क्रूझची गोष्ट पुरी करतो. दोन रात्रींपैकी एका रात्री आम्ही ते खास जेवण घेतलं. बाबा "बघू तरी" म्हणाले. जेवण खरंच चांगलं होतं आणि त्याचं कारणही इतिहासात नाही, गणितात आहे. मेन किचनला शेकडो लोकांचं जेवण तासा-दोन तासांत काढायचं असतं, तिथे गरम राहणं हेच यश. इथे मोजकी टेबलं, ऑर्डर दिल्यावर तव्यावर टाकणार. पैसे चवीपेक्षा त्या निवांतपणाचे असतात.

आमचा वेटर म्हापशाचा निघाला. त्याचे आजोबा पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर स्टुअर्ड होते. गोव्यात अशा बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात, आणि पी अँड ओच्या बोटींवर जेवण वाढणारे हात पिढ्यानपिढ्या गोव्याचेच असायचे. बाबांचं आणि त्याचं मालवणी-कोंकणीत असं काही जमलं की आम्ही तिघं नुसते बघत बसलो. बाबांनी त्याला भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीच्या गोष्टी सांगितल्या. डेकवर सतरंजी, आजीच्या डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी, आणि मालवण आलं की बोटीतून पडावात उतरताना उडालेली त्रेधा.

उठताना बाबांनी त्याला विचारलं, "तू बोटीचोच माणूस, की हॉटेलवाल्याचो?"

तो म्हणाला, "बोटीचोच."

"बरां," बाबा म्हणाले. मी त्यांना गॅत्तीबद्दल अजून काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी हे का विचारलं, कोण जाणे.

तर पैसे वसूल होतात का? माझं मत: दोन-तीन रात्रींची सहल असेल तर मेन हॉल पुरे, तेवढ्यात तो कंटाळवाणा होत नाही. आठवडाभराची असेल तर एखादी रात्र जरूर घ्या, निवांत बोलण्यासारखं कोणी बरोबर असेल तर नक्कीच. रोजचं पॅकेज घेऊ नका, कारण तिकिटातलं जेवण तुम्ही विकत घेतलेलंच आहे आणि आज ते कोणी परत घेत नाही. आणि वाढणाऱ्याला नाव विचारा. त्याला पैसे पडत नाहीत.

बाबांचं मत अजून बदललेलं नाही. "जेवण उत्तम होतं," परवा फोनवर म्हणाले, "पण पैसे दोनदा गेले ते गेलेच." :-)