पैठणचा रांजण

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहरातील मुकुंदवाडीच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, गोदावरीच्या उत्तर तीरी वसलेले पैठण सातवाहनांच्या अमदानीत प्रतिष्ठान या नावाने विख्यात झाले खरे. परंतु मराठवाड्यातील सामान्य यात्रेकरूच्या अंतःकरणात त्याची प्रतिष्ठापना झाली ती एकनाथांमुळे. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांचा अनुग्रह लाभलेल्या आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या नाथांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस गोदेच्या प्रवाहातच देह ठेवला. त्या तिथीस आजही गावोगावच्या दिंड्या येथे येऊन मिळतात.

नाथांच्या वाड्यात, जो आता मंदिर झाला आहे, एक रांजण आहे. श्रीखंड्या नाव धारण करून प्रत्यक्ष भगवंताने बारा वर्षे कावडीने पाणी वाहून तो भरला, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेस त्याचे पूजन झाले की भाविक गोदेवरून पाणी आणून त्यात ओतू लागतात; घागरीमागून घागरी रित्या होत असता ज्या क्षणी तो काठोकाठ भरून ओसंडतो, त्या क्षणी देवाची घागर पडली असे मानून नामघोष होतो.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी होऊन १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाने या तीर्थाचा व्यवहार पालटला. षष्ठीच्या स्नानासाठी पात्रात पाणी हवे, तर ते सोडण्याचा हुकूम पाटबंधारे खात्याकडून व्हावा लागतो. आणि ज्या औरंगाबाद शहराची तहान मलिक अंबरच्या काळापासून उताराने वाहणाऱ्या नहरींनी भागवली, त्यालाही आता या धरणाच्या नाथसागर जलाशयाचेच पाणी पंपांनी चढवून पुरवले जाते.

ते सर्वांच्या दारी पोहोचतेच असे नाही. २०१९ च्या टंचाईत मुकुंदवाडी स्थानकालगतच्या वस्तीतील मुले भांडी घेऊन रेल्वेत चढत, औरंगाबाद स्थानकावर ती भरून घेत आणि परतीच्या गाडीने घरी आणीत. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा ज्या यात्रेत भक्तिभावाने सांगितली जाते, त्या यात्रेच्या वारसांनी अशा वस्तीतील नळाचा प्रश्न केवळ नगरपालनाच्या दप्तरी सोडून देणे नाथांच्या शिकवणीस धरून होणार नाही.