मागाहून घातलेली ओळ

आजचा विषय जरा कारकुनी वाटेल. पीडीएफ फाइल उघडायची, तिच्यात एखादी ओळ घालायची आणि ती मूळ मजकुरात मिसळून जावी म्हणून अक्षराचा आकार, रंग, ओळींतलं अंतर जुळवायचं, हे काम आज तालुक्याच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात चालतं. कसं जुळवायचं ते दुकानातला मुलगा आमच्यापेक्षा चांगलं सांगेल. आम्हाला विचारायचं आहे ते एवढंच, की केव्हा जुळवायचं आणि केव्हा मुद्दाम वेगळं ठेवायचं? हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे.

पोथ्या हातानं लिहिल्या जात तेव्हा नकलताना अक्षरं गळत. मग लेखनिक गळलेल्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण करी, तिला काकपद म्हणत, आणि राहिलेला शब्द समासात लिही. अक्षर चुकलं तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर नवं अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. या दोन्ही रीतींत एक गोष्ट सारखी आहे, बरं का. इथं हात लागला आहे, हे वाचणाऱ्याला दिसतं. समासातला शब्द 'मी मागाहून आलो' असं स्वतःच सांगतो.

खरी अडचण होते ती न सांगता आलेल्या ओळीची. तिला आपण प्रक्षिप्त म्हणतो. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे इ.स. 1290 ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होत गेल्या, पाठ बिघडले. ओवीचा छंद सैल असल्यानं आपली ओवी आत सरकवणं सोपं, आणि एकदा सरकली की ती ओळखणं अवघड. पैठणला एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, इ.स. 1584 साली, ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. यात कुणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल, असं त्यांनी बजावून ठेवलं. आता गंमत पाहा. हे बजावण्यासाठी त्यांनी स्वतः काही ओव्या लिहिल्याच! मग त्यांच्यात आणि प्रक्षेप करणाऱ्यात फरक काय? नाथांनी आपल्या ओव्या ग्रंथ संपल्यावर ठेवल्या, त्यात आपलं नाव घातलं आणि शक घातला. छंद जुळवला, पण जागा, नाव आणि काळ वेगळे राखले. आमच्या मते, भर कशी घालावी याचा इतका नेमका धडा मराठीत दुसरा नाही.

आता या गावाकडे येऊ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते इथं सांगायची गरज नाही. दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गेली, तसे पेटीतले कागदही गेले. ज्या घरातली दोन-तीन माणसं एका पहाटेत गेली, तिथं जमिनीवर कुणाचं नाव चढायचं, हा राहिलेल्यांच्या पोटाचा प्रश्न होता. तो सुटायचा वारसाच्या फेरफारानं. फेरफार म्हणजे तरी काय? मागाहून घातलेली ओळच. पण तिला शिस्त आहे. आधी गाव नमुना 6 मध्ये नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. तेव्हा सातबाऱ्यावर जुनं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक येतो. म्हणून नातवालाही मागं जात जात आज्याच्या नावापर्यंत पोचता येतं. तेच नाव कुणी गुपचूप बदललं असतं, तर दाद मागायला धागाच उरला नसता.

पीडीएफही त्याच 1993 सालचं. अमेरिकेतल्या अडोबी कंपनीनं ते जूनमध्ये बाजारात आणलं. कागद कुठल्याही यंत्रावर सारखाच दिसावा, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे फाइलमध्ये परिच्छेद नसतो, कुठलं अक्षर पानावर कुठं बसवायचं याची नोंद असते. मधे ओळ घातली की खालचा मजकूर आपोआप सरकेलच असं नाही. पुष्कळदा फाइलमध्ये फॉन्टची वापरलेली अक्षरंच असतात. मूळ मजकुरात 'ळ' नसेल तर तुमचा 'ळ' दुसऱ्याच वळणाचा येतो. जुन्या मराठी फॉन्टांत काना-मात्रा फुटतात. स्कॅन केलेला कागद तर नुसतं चित्र, त्यावर लिहिलेलं वर चिकटवल्यासारखं दिसतं. या साऱ्यावर मात करून ओळ बेमालूम बसवली की आपल्याला कारागिरीचा आनंद होतो.

तिथंच थांबून विचारावं, हा कागद कुणाचा? आपला अर्ज, आपला लेख, आपली पत्रिका असेल, तर खुशाल सगळं जुळवा, वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण ज्यावर दुसऱ्याची सही किंवा शिक्का आहे, त्याच्या मजकुरात हात घालू नये. लिहायचंच असेल तर टिपणीची सोय वापरा, रंग वेगळा ठेवा, समासात लिहा, खाली नाव आणि तारीख घाला. डिजिटल सहीचा सातबारा तर स्वतःच राखण करतो. सहीनंतर फाइलमध्ये फेरबदल झाला, तर सही तपासताना ते कळतं. मात्र ती तपासायला हवी. छापून हातात आलेल्या कागदावर ते दिसत नाही.

यंत्रानं अक्षर जुळवणं फार सोपं केलं. त्यामुळे वेगळं राखण्याची जबाबदारी आता लेखनिकावर, म्हणजे आपल्या प्रत्येकावर, आली आहे. ज्या गावानं आपले कागद ढिगाऱ्यात गेलेले पाहिले, त्याला कागदावरच्या एका नावाची किंमत दुसऱ्या कुणी सांगायला नको. भर जरूर घाला, पण ती कुणी आणि केव्हा घातली, हे पुढच्याला कळू द्या.