पेशीच्या दारातील पहारेकरी

वेल्हे गावातून तोरणा चढू लागले की आधी बिनी दरवाजा लागतो, मग कोठी दरवाजा. दरवाजा म्हटला की पहारेकरी आलाच. तो उभा आहे तोवर वाट बंद. तो हटला की मोकळी. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या पेशीतही असाच एक पहारेकरी असतो. तो कसा सापडला, ते पाहू.

१९४१ च्या सुमारास पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. तेथे झाक मोनो यांनी जंतूंपुढे दोन साखरा एकदम ठेवल्या. जंतूंनी आधी ग्लुकोज संपवले, मग वाढ थोडी थबकली आणि नंतर दुसरी साखर खाणे सुरू झाले. असे का व्हावे? साधे उत्तर असे की, नवी साखर येते आणि ती फोडणारे विकर तयार करण्याची आज्ञा देते.

पण काही सदोष जंतू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नसतानाही तिचे विकर बनवीतच राहत. पार्डी, झाकोब आणि मोनो यांनी अशा जंतूंत शाबूत जनुके शिरू दिली. विकर बनू लागले खरे, पण काही वेळाने थांबले! म्हणजे शाबूत जनुक रोखणारे द्रव्य तयार करीत होते. हे काम १९५९ साली प्रसिद्ध झाले. आज्ञा मिळाली म्हणून नव्हे, तर मनाई उठली म्हणून काम सुरू होते, हा विचार लिओ झिलार्ड या पदार्थवैज्ञानिकानेही आग्रहाने मांडला होता. लॅक्टोजपासून झालेला एक रेणू पहारेकऱ्याला चिकटतो आणि त्याला जनुकांवरून दूर करतो. झाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली ही सारी रचना मांडली. १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६६ साली गिल्बर्ट आणि म्यूलर-हिल यांनी प्रत्यक्ष पहारेकरीच वेगळा काढला. तो प्रथिन निघाला.

आता आपल्याकडचा धागा. याच झिलार्डनी ओबेद सिद्दिकी यांच्याविषयी होमी भाभांना लिहिले, आणि १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्दिकींनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

जंतू कोणती साखर आधी खातो, या चौकशीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १९७८ साली मानवी इन्सुलिनच्या दोन्ही साखळ्या जंतूंकडून करवून घेतल्या, तेव्हा त्यांच्या जनुकांना जोडलेला दरवाजा हाच होता. मधुमेह्याच्या औषधाची वाट अशी एका क्षुद्र जंतूच्या जेवणातून निघाली.