उडी आणि त्यानंतरचा खटला

मार्सेलिसची उडी आपल्याला शाळेपासून पाठ. पण तिच्यावरून हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात खटला चालला, हे मला पीएचडीला आल्यावर कळलं. (मूळचा मी रसायनशास्त्राचा, हे आधीच कबूल करतो!)

८ जुलै १९१० रोजी सावरकर ‘मोरिया’ बोटीतून निसटून किनाऱ्यावर पोहोचले. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं. फ्रान्स म्हणालं, आमच्या भूमीवरचा माणूस प्रत्यार्पणाशिवाय नेलात कसा? परत द्या. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा मोठा मजेशीर आहे. हवाली करण्यात अनियमितता झाली, हे मान्य. पण म्हणून कैदी परत करायलाच हवा, असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही!

निवाडा छोटासाच आहे, मुळातून वाचा. वाचताना पक्षकार कोण ते बघा: फ्रान्स आणि ब्रिटन. पाच लवादांपैकी दोघे याच देशांचे. ज्याच्या आयुष्याचा फैसला होत होता, तो पक्षकारच नव्हता. त्या काळच्या कायद्यात व्यक्तीला तशी जागाच नव्हती.

आज नागरी व राजकीय हक्कांच्या कराराला जोडलेल्या १९६६ च्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे व्यक्ती स्वतः संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार करू शकते. ज्या देशाविरुद्ध तक्रार आहे, त्याने तो स्वीकारला असेल तर. भारताने करार स्वीकारलाय, प्रोटोकॉल नाही.