पाड्यावर मागे राहिलेली माणसं

आम्ही कोकणा आदिवासी. आमच्याकडे थोरल्याचं लग्न झालं की तो अंगणापलीकडे आपली वेगळी चूल मांडायचा. मधल्याचंही तेच. आईबाप धाकट्याकडे राहायचे आणि त्यांच्याबरोबर जुनं घर, भांडीकुंडी, बैलजोडी हेही त्याच्याकडेच राहायचं. शेजारच्या वारली पाड्यांतही साधारण हीच रीत. ज्यांना मुलगा नाही ते घरजावई आणायचे. मुलीच्या बापाला देज द्यायची ऐपत नसलेला पोरगा सासऱ्याच्या शेतावर काही वर्षं राबून लग्न फेडायचा, त्याला खंधाड्या म्हणत. अशा जावयाच्या हातची पेज पिऊन किती तरी म्हातारी माणसं सुखाने गेली. सांभाळणाऱ्याला घर मिळायचं, म्हाताऱ्याला जेवण मिळायचं. ही रीत मायेवर चालायची, तशी व्यवहारावरही चालायची, आणि म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, असं माझं मत आहे.

दादरा आणि नगर हवेलीतल्या खानवेलच्या आसपासच्या पाड्यांवर मी नर्स म्हणून आयुष्य काढलं. साकरतोड नदीच्या दोन्ही काठांना, दुधनीच्या रस्त्याला, पावसाळ्यात जीप जिथे थांबते तिथून पुढे पायी. बाळंतपणं, लसी, तापाच्या काचपट्ट्या ही माझी नेमून दिलेली कामं. पण निवृत्त झाल्यावर मनात राहून गेली ती एकट्या झोपडीत पडून असलेली म्हातारी माणसं. ती का पडून राहिली, याचं उत्तर मला औषधांच्या कपाटात कधी मिळालं नाही. ते या भागाच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत आहे.

आधी म्हातारी माणसं काय करायची, ते सांगते. माझी आजी कंबरेत पूर्ण वाकली होती, तरी दिवसभरात ती किती वेळा उठायची याला गणती नव्हती. पहाटे चुलीतली राख सारून निखारा जागवायचा. कोंबड्या सोडायच्या. नातवाची झोळी हलवायची. नागली वाळत घातली की काठी घेऊन पाखरं उडवायची. मोहाच्या दिवसांत अंधार असतानाच टोपली घेऊन झाडाखाली जायचं, कारण फुलं पहाटे गळतात आणि उशीर झाला तर गुरं खातात. आजोबा अंबाडीच्या सालीची दोरी वळायचे. एक टोक मेढीला बांधायचं आणि वळत वळत मागे सरकायचं, म्हणजे दोरी जितकी लांब तितकं चालणंही व्हायचं. भात पिकलं की रात्री खळ्यावर राखणीला तेच. ही कामं कुणी त्यांच्या तब्येतीसाठी काढलेली नव्हती. घराला त्यांची गरज होती. कुडाच्या घरात जमिनीवर झोपायचं, जमिनीवर बसायचं, उकिडवं बसून भांडी घासायची; माणूस दिवसातून कितीदा तरी भुईवरून उभा राहायचा. मांड्यांतली ताकद सत्तरीपर्यंत टिकायची ती त्यातूनच.

पण तो काळ सोन्याचा होता असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. मुळात सत्तरीपर्यंत पोचायचे थोडे. जमीन कसणाऱ्याची नव्हती. पोर्तुगीज १७८३ साली नगर हवेलीत आले आणि १९५४ पर्यंत राहिले. या पावणेदोनशे वर्षांत डोंगरातला माणूस बहुतेक दुसऱ्याच्या शेतावर अर्धेलीने राबला. सीमेपलीकडे तलासरी-डहाणूत लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबत. ते गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. तिथला वारल्यांचा उठाव १९४५ चा. ती माणसं आणि आमची माणसं एकमेकांची सोयरी. मध्ये हद्द होती एवढंच. अशा घरांत म्हातारपण म्हणजे अर्ध्या पोटाने काढायचे दिवस. शिवाय एकट्या विधवेवर भुताळी असल्याचा आळ यायचा. पाड्यात मूल दगावलं, बैल मेला, की भगताचं बोट अशाच एखाद्या बाईकडे वळायचं. मला लहानपणी एका म्हातारीच्या अंगणातून जायला मनाई होती. ती का, हे मोठेपणी कळलं तेव्हा वाईट वाटलं.

त्याच पोर्तुगीज राजवटीत गोव्यात सोळाव्या शतकापासून ‘मिझेरिकॉर्दिया’ ही धर्मादाय संस्था होती. निराधारांसाठी, रुग्णांसाठी पैसा उभा राहत होता. मडगावला एका पाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ‘ओस्पिसियो’ काढलं, त्याचंच पुढे मोठं रुग्णालय झालं. आमच्या डोंगरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात असं काही कधी आलं नाही. त्यांच्या आठवणीत सरकार म्हणजे शिपाई आणि वेठ.

१९५४ च्या त्या दिवसांची घरात सांगितलेली एक आठवण आहे. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. त्याआधी पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो दीडशेच्या आसपास शिपाई घेऊन खानवेलकडे निघून आला होता. ११ ऑगस्टला त्याने उधव्याला भारतीय पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. मधल्या दिवसांत बंदुकवाले येताहेत म्हटल्यावर आमच्या पाड्यातली माणसं भर पावसात रानात गेली. आजीची सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला आजोबांनी पाठुंगळी घेतलं, वरून इरलं धरलं आणि डोंगर चढले. ही गोष्ट आजी मोठेपणाने सांगत नसे. कोण काय घेऊन गेलं याच्या यादीत ती एक होती: कुणी तांदूळ नेले, कुणी कोंबड्या, आजोबांनी आई नेली.

पुढे बरंच चांगलंही झालं, ते नाकारता येणार नाही. १९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात आला, १९७१ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर कसणाऱ्यांच्या नावावर सातबारे चढले, शाळा आल्या, दवाखाने आले. माणूस जास्त जगू लागला. पण त्याच वर्षांत घराची वीण दोन ठिकाणी उसवली.

एक धरणाने. दमणगंगेवर मधुबन धरणाचं काम सत्तरच्या दशकात सुरू झालं आणि आमच्या बाजूची खोरी पाण्याखाली गेली. आज दुधनीला पर्यटक बोटीत बसतात, त्या पाण्याखाली माझ्या आईच्या माहेरची शेतं आहेत. पाडा बुडतो तेव्हा घरं जातातच, पण घरांची आपसातली जागाही जाते. आधी तीन भावांची तीन दारं एका अंगणात उघडायची. धाकट्याची बायको माहेरी गेली तर थोरलीची सून पेज आणून द्यायची. नवी जागा मिळाली ती एकाला इथे, दुसऱ्याला तिकडे कोसावर. रीत धाकट्याच्या नावाने होती, पण सांभाळ सगळ्या अंगणाचा होता, हे अंगण गेल्यावर समजलं.

दुसरं कारखान्यांनी. १९६५ साली पिपरियाला पहिली औद्योगिक वसाहत निघाली, मग मसाट, खडोली. करसवलती मिळाल्या तसे कारखाने वाढत गेले. १९६१ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीत ५७,९६३ माणसं होती. २०११ मध्ये ३,४३,७०९. पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट. एवढी माणसं वाढली आणि तरी डोंगराकडच्या पाड्यांत भरदुपारी हाक मारली तर ओ द्यायला एखादी म्हातारीच असायची. तरुण सकाळच्या पाळीला गेलेले, काही तिथेच चाळीत राहिलेले. धाकटा मुलगा शिकलेला, म्हणून कारखान्यात पहिली नोकरी त्यालाच लागलेली. ज्याच्या वाट्याला आईबाप, तोच नेमका आधी गेला. नातवंडं शाळेत, बैल विकलेले, मोहाचं झाड पाण्यात, दोरी बाजारात नायलॉनची. म्हाताऱ्याने उठावं असं घरात काही उरलं नाही.

माझ्याकडे नोंदवही होती. तिच्यात गरोदर बायांचे रकाने, पाच वर्षांखालच्या मुलांचे, तापाच्या रुग्णांचे, क्षयाच्या गोळ्यांचे, नसबंदीचे. साठीवरच्या माणसाला रकाना नव्हता. वृद्धांच्या आरोग्यासाठी देशपातळीवरचा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, तोवर माझी नोकरी उतरणीला लागली होती. म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने नावं लिहायची: कोण स्वतः उठतं, कोण धरून उठतं, कोण उठत नाही. वर्षभराने पान पाहिलं की दिसायचं, मधल्या ओळीतली नावं खाली सरकलेली.

त्यातली एक दुधनीकडची म्हातारी. आषाढात ओल्या अंगणात घसरली. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. मुलगा शनिवारी यायचा. शेजारीण भली, ती सकाळी पेज आणि पाण्याचा तांब्या म्हातारीच्या उशाशी ठेवून कामावर जायची. “पडून राहा, उठू नको, पडशील” असं रोज बजावून जायची. मी पोचले तेव्हा श्रावण सरत आला होता. गुडघे पोटाशी आखडलेले, माकडहाडाजवळ जखम, तिला माश्या लागलेल्या. कुणी तिला मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. लोक ‘हेळसांड’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दुष्ट सून असते. मी पाहिलेली हेळसांड बहुतेक अशी होती: दयाळू, घाईतली, उशाशी तांब्या ठेवणारी. मी म्हटलं, “आजी, उठून बसायचं ना?” ती म्हणाली, “कशाला उठू, बाय? सगळं इथंच हाय.”

जखम धुणं, कूस बदलणं हे झालंच. पण मी शेजारणीला सांगितलं, उद्यापासून तांब्या उशाशी ठेवायचा नाही, हाताला येईल त्याच्या एक वीत पुढे ठेवायचा, आणि मग रोज थोडा लांब. तिला ते निर्दयपणाचं वाटलं. मेढीला जाड दोरी बांधून घेतली, हातभर अंतरावर गाठी मारल्या, म्हणजे धरून ओढून उठता येईल. मुलाला म्हटलं, पैसे देण्यापेक्षा एक शेळी आण. ती घेऊन आला. शेळी ओरडली की चारा टाकावा लागतो. दिवाळीपर्यंत म्हातारी दारापर्यंत यायला लागली, आणि नंतरची दोन वर्षं ती काठी टेकत शेळीमागे फिरली. सगळ्यांचं असं झालं नाही. काहींकडे मी पोचले तेव्हा उशीर झाला होता.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंकडे सातशेच्या आसपास खाटेवर पडलेली माणसं सोपवली गेली. बहुतेकांना कायमचे रोगी म्हणून ठेवून दिलं होतं. बाईंनी एकेकाला तपासलं, खाटेवरून उतरवलं, चालवलं. त्यांतली पुष्कळ माणसं घरी गेली. १९४७ मध्ये रिचर्ड अॅशर या डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके एका लेखात एकेक करून मांडले: रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, ठिसूळ हाडं, खचलेलं मन. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर धडधाकट वृद्धांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांतला मांसल भाग जवळपास एक किलोने घटला. तेही पुरेसं जेवून. आमच्या म्हातारीचा श्रावण पेजेवर गेला होता.

पैशाची मदत आली, तीही सांगते. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली, महिना ७५ रुपये. पुढे २०० झाले, ऐंशीच्या वर ५००. केंद्राचा वाटा अजून तेवढाच आहे. रक्कम लहान, पण ती आणायला जाणं ही पाड्यातल्या कित्येकांची महिन्यातली एकुलती बाहेर पडण्याची वेळ होती. त्या दिवशी म्हाताऱ्या डोक्याला तेल लावायच्या. पुढे पैसे खात्यात जमा होऊ लागले, ते बरंच झालं, मधली चोरी थांबली. पण यंत्रावर अंगठा उमटेना. आयुष्यभर चिखल आणि दगड उपसलेल्या बोटांवर रेघा राहत नाहीत. दोनदा हेलपाटा पडला की म्हातारा म्हणायचा, जाऊ दे, आणि तो एक दिवसही अंथरुणात जायचा.

कारखान्यांतले बरेच कामगार बाहेरचे आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथून आलेली पोरं. लसीकरणासाठी मी मसाटच्या चाळींत जायची तेव्हा त्यांच्याशी बोलणं व्हायचं. प्रत्येकाच्या मागे एक गाव, गावात एक म्हातारी. आमची पोरं वीस किलोमीटरवर गेली आणि परकी झाली. ही पोरं तर हजार कोसांवर.

काही मुलं आईला चाळीत घेऊन येतात. त्यांचं मन चांगलं आहे, पण मला तिथे जास्त धास्ती वाटते. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, बाहेर ट्रक. अंगण नाही, कोंबडी नाही, ओळखीचं झाड नाही. सून म्हणते, “आई, तुम्ही बसून राहा.” आणि आई बसून राहते. पाड्यावरची म्हातारी दोन वर्षांत खाली बसते, चाळीतली सहा महिन्यांत. म्हणून मी सुनांना सांगते, भाजी निवडायला त्यांना द्या, पाणी भरायला लहान कळशी द्या, पोराला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला त्यांना पाठवा. आणि आवणीला गावाला न्या, वाकवत नसेल तरी बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधतील.

मसाटच्या एका चाळीतली बाई हे दरवर्षी करते. सासूला घेऊन जूनअखेरीस खानवेलच्या बसमध्ये बसते. मागच्या पावसाळ्यात मी त्यांच्या बांधावर गेले होते. सासू जुड्या बांधत होती आणि सुनेच्या ओळी वाकड्या पडताहेत म्हणून ओरडत होती.